अलीच्या नावाने नुरा कुस्ती

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. तिथल्या आरशावर मी लहानपणापासून एक फोटो बघत आलोय. मुहम्मद अली उभा आहे, उजवा हात छातीवर आडवा दुमडलाय, खाली बघून ओरडतोय आणि पायाशी सोनी लिस्टन उताणा पडलाय. जुम्म्याआधी दाढी करायला आलेले चाचा आम्हा पोरांना तो दाखवून सांगायचे, "बघ, आपला माणूस."

तो फोटो 25 मे 1965 चा, अमेरिकेतल्या लुइस्टन गावचा. ही लढत पहिल्याच फेरीत संपली. लिस्टनला बसलेला ठोसा कित्येक प्रेक्षकांना दिसलाच नाही आणि तिथेच 'फिक्स'चा ओरडा झाला. आपल्याकडे मैदानात अशा कुस्तीला नुरा म्हणतात आणि लोक जागेवरून उठतात. लिस्टन मुद्दाम पडला हे कधीच सिद्ध झालं नाही, मीही तसं म्हणत नाही. पण लोकांना लगेच संशय का आला? कारण लिस्टनच्या कमाईत फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या गुंडांचा वाटा होता, आणि ते सिनेटच्या चौकशीत पुढे आलं होतं.

त्याच चौकशीत 1960 साली जेक लामोटाने कबुली दिली की 1947 मध्ये न्यूयॉर्कला बिली फॉक्ससमोर तो ठरवून हरला. कशासाठी? जगज्जेतेपदाची लढत मिळावी म्हणून! त्या काळातला एक अव्वल बॉक्सर, पण हरल्याशिवाय दार उघडेना. 1949 साली लढत मिळाली तेव्हाही वर वीस हजार डॉलर मोजावे लागले. त्या वर्षापासून जवळपास दहा वर्षं बहुतेक मोठ्या लढती इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब नावाच्या एकाच कंपनीच्या हातात होत्या आणि तिच्यामागे कार्बो होता. 1959 साली सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली. 1961 साली कार्बोला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. लोकांना वाटलं, घाण गेली.

गुंड गेले, सूटवाले आले. 1977 मध्ये डॉन किंगने एबीसी वाहिनीसाठी स्पर्धा भरवली. कोण कितव्या क्रमांकावर हे ठरवायला 'द रिंग' हे नावाजलेलं मासिक होतं. मग उघड झालं की काही बॉक्सरांच्या नावावर कधी झाल्याच नाहीत अशा लढतींचे विजय छापलेत. वाहिनीला स्पर्धा गुंडाळावी लागली. पुढे 1999 मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचा अध्यक्ष रॉबर्ट ली क्रमवारीसाठी लाच घेतल्याच्या आरोपात अडकला. लाचेच्या मुख्य आरोपांतून सुटला, पण काळा पैसा फिरवणं आणि करचुकवेगिरी यासाठी तुरुंगात गेलाच.

अलीचं काय झालं? 1980 साली, शरीर थकलेलं असताना, लॅरी होम्सबरोबर लढायला त्याला आठ मिलियन डॉलर कबूल झाले होते. किंगने त्यातले दहा लाखांहून जास्त दिलेच नाहीत. अली कोर्टात गेला. मग तो आजारी असताना पन्नास हजार रोख त्याच्यापुढे ठेवून दावा मिटवला गेला. पैसे घेऊन गेलेला माणूस नेशन ऑफ इस्लामच्या दिवसांपासूनचा त्याचा जुना साथी होता. आपलाच माणूस! मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या हे आपण खुतब्यात ऐकतो. अलीचा तर नुसता घाम नव्हता, रक्त होतं.

म्हणून 2000 साली अमेरिकेने जो कायदा केला त्याला अलीचं नाव दिलं. लढतीतून आपण किती कमावतो हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायचं. प्रमोटर आणि मॅनेजर एकच नसावेत. क्रमवारी लावणाऱ्यांनी निकष जाहीर करावेत. अंमलबजावणी ढिसाळ झाली हे खरं, पण दुखणं नेमकं ओळखलं होतं: पैसे देणारा आणि किताब देणारा यांच्यात भिंत हवी.

आता ती भिंत टाळून जायला वाट काढली जातेय, आणि तीही अलीच्याच नावाने. 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये 'मुहम्मद अली अमेरिकन बॉक्सिंग रिव्हायव्हल अ‍ॅक्ट' नावाचं विधेयक आलं. जुनी व्यवस्था राहील म्हणतात, पण तिच्या शेजारी अशी संस्था काढता येईल जी स्वतःच लढती भरवेल, स्वतःच क्रमवारी लावेल आणि स्वतःच पट्टा देईल. बदल्यात किमान मानधन आणि विमा. मागे जोर कुणाचा? यूएफसी चालवणाऱ्या टीकेओ कंपनीचा. याच यूएफसीने लढवय्यांचं मानधन दाबल्याच्या खटल्यात 37.5 कोटी डॉलर मोजून तडजोड केलीय. टीकेओची बॉक्सिंगमधली भागीदार आहे सौदीची 'सेला'. आणि 'द रिंग' मासिक? तेही 2024 पासून सौदीच्या तुर्की आलशेख यांच्या मालकीचं आहे.

इथे आमचे काही मित्र खूश होतात. रियाधमध्ये लढती होतात, अजानच्या देशात जगज्जेते येतात, पैसाही रग्गड मिळतो. मिळतो, नाकारत नाही. पण कुणाला? वरच्या दहा-वीस नावांना. आठ फेऱ्यांची लढत खेळून दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या पोराला आपली किंमत मागायची तर दुसरं दार लागतं. सगळी दारं एकाच मालकाची झाली की लामोटासारखं आधी हरून दाखवावं लागतं. मालक न्यूयॉर्कचा गुंड आहे की रियाधचा वजीर, याने त्या पोराला काय फरक पडतो? सौदीवर टीका केली की तुम्ही इस्लामच्या दुश्मनांच्या रांगेत, असं मला व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकवलं गेलंय. भाईजान, कार्बोवर बोललो तेव्हा ख्रिश्चनांचा दुश्मन झालो होतो का?

अलीच्या पत्नी लॉनी यांनी या विधेयकाला पाठिंबा दिलाय. त्यांनी आजारपणात नवऱ्याची जी खिदमत केली तिच्यापुढे मी मान झुकवतो. तरी माझं म्हणणं आहे, विधेयक आणायचंच असेल तर खुशाल आणा, त्यावर टीकेओचं नाव घाला, आलशेख यांचं घाला. अलीचं काढा.