मुमानीचा दम आणि घरातला भुसा

मुमानीला दम लागतो हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. जिना चढली की दम, नमाजची उठबस केली की दम, थंडीत रात्रभर खोकला. वय झालं, असं म्हणून विषय संपायचा. गेल्या हिवाळ्यात मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" ती म्हणाली, "काय नाही, घरातच असते." कागदावर 'गृहिणी' असं लिहिलं गेलं. पंप मिळाला, गोळ्या मिळाल्या, आम्ही बाहेर पडलो.

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघांनीही डॉक्टरांना खरी गोष्ट सांगितलीच नव्हती. माझे मामू मिरजेत तंबोऱ्याचं लाकूडकाम करतात. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. दहा बाय दहा, वर पंखा, एक खिडकी. मधल्या दाराला पडदा आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी त्या खोलीतला भुसा खराट्याने गोळा करून पोत्यात भरण्याचं काम मुमानीचं. मामूंचे कपडे झटकून धुण्याचं कामही तिचंच. याला काम म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

मिरजेचं नाव आज पुन्हा चर्चेत आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकात हा हुन्नर उभा केला. ही आपल्या समाजाची आणि महाराष्ट्राची मिळून अशी गोष्ट आहे, तिचा अभिमान मलाही आहे. सत्कार होतात, शाली मिळतात, लेख छापून येतात. त्या लेखांसोबतच्या फोटोत कारागीर खाली बसलेला असतो आणि त्याच्या भुवया, दाढी, बाह्या पांढुरक्या झालेल्या असतात. फोटो छान दिसतो. ते पांढरं काय आहे, हे कुणी विचारत नाही.

ते लाकूड आहे, वाळलेल्या भोपळ्याच्या आतला गर आहे, आणि घोडी घासली असेल तर हाडाची पूडही आहे. जमिनीवर पडलेल्या भुशाची भीती फारशी नाही. तो जड असतो, पटकन खाली बसतो. भीती आहे ती न दिसणाऱ्या धुळीची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगतात, आणि नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. म्हणजे मशीन बंद करून मामू चहाला बसतात तेव्हाही खोलीत काम चालूच असतं. अंधार करून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि उजेडाच्या पट्ट्यात बघा. मी मामूंना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुछ नै होता रे, लकडी की मिट्टी है."

होतं. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या नाक-घशाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एरवी फार क्वचित दिसणारा नाकाच्या पोकळीतला एक कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतो आहे. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखाच आहे असा नाही. पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच. हा कर्करोग आजही दुर्मीळच आहे. दमा, सतत वाहणारं नाक, डोळ्यांची आग मात्र दुर्मीळ नाहीत. सागवान आणि शिसवीने हाताला खाज सुटते हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

ब्रिटनमध्ये रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाची धूळ दिवसभराच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. आपली सागवान, शिसवी आणि तंबोऱ्याची तूण ही सगळी याच वर्गातली. मामूंची खोली दहा फूट उंच धरली तर तिच्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे हवेत तरंगणारी सगळी धूळ मिळून ८५ मिलिग्रॅमच्या आत हवी. चिमूटभर मिठाहूनही कमी. मुमानी रोज पोतं भरते.

आता आपल्याकडच्या कायद्याबद्दल. १९४८ चा कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी मुळात दहा कामगारांपासून लागू व्हायचा. महाराष्ट्राने तो आकडा वाढवून वीस केला. मामूंच्या खोलीत मामू, त्यांचा मुलगा आणि एक शिकाऊ पोरगा. इन्स्पेक्टर तिथे कधी येणार नाही. तो यावा असंही मला वाटत नाही, आला तर काय घेऊन जाईल ते माहीत आहे. पण याचा अर्थ असा की या धुळीचं काय करायचं ते घरातल्यांनीच ठरवायचं आहे.

बहुतेकांना पहिला सुचतो तो मास्क. मला तो शेवटचा वाटतो. तोंडाला बांधलेला रुमाल आणि निळा पातळ मास्क बारीक धुळीपुढे जवळजवळ निरुपयोगी. एन-९५ चालतो, पण तो गालाला घट्ट चिकटला तरच. दाढी असेल तर तो चिकटत नाही, कडेने हवा आत येते. आपल्या मोहल्ल्यात दाढी असलेले कारागीर किती आहेत ते सांगायला नको. दाढीवरही बसणारे, हवा पुरवणारे टोप मिळतात, पण ते महाग आहेत. म्हणून दाढीवरून वाद घालण्यापेक्षा धूळ जिथे जन्मते तिथेच पकडणं शहाणपणाचं. शिवाय मामूंनी मास्क लावला तरी पडद्यापलीकडे पोळ्या लाटणाऱ्या मुमानीला त्याचा काय उपयोग?

पकडायची कशी? सॅण्डरला मागे नळी जोडायचं तोंड असतं. बरोबर आलेली कापडी पिशवी जाड भुसा धरते आणि बारीक धूळ सोडून देते. ती काढून तिथे व्हॅक्युम क्लीनरची नळी लावायची. मध्ये रंगाची वीस लिटरची बादली आणि तिच्यावर गरगर फिरवणारं झाकण बसवलं की जाड भुसा बादलीत पडतो आणि व्हॅक्युमचा फिल्टर लगेच तुंबत नाही. फिल्टर बारीक धूळ धरणारा हवा, नाहीतर ते यंत्र खोलीभर धूळ फुंकत बसतं. छताचा पंखा काम चालू असताना बंद. खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावायचा आणि आपण असं बसायचं की हवा पाठीकडून येईल, कामावरून जाईल आणि बाहेर पडेल. गल्ली अरुंद असेल तर समोरच्याच्या दारात धूळ जाणार नाही हेही बघायचं, शेजाऱ्याचाही आपल्यावर हक्क असतो. कोरडा खराटा आणि कॉम्प्रेसरची फुंक, दोन्ही बंद. पाणी शिंपडून गोळा करायचं नाहीतर ओल्या फडक्याने पुसायचं.

एक गोष्ट मामूंकडूनच कळली. त्यांचे वालिद काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडून गुळगुळीत करायचे. त्याने पातळ कुरळ्या साली निघतात, धूळ नाही. रंधा आणि पटाशीचंही तसंच. जुनी माणसं कष्ट करत होती, पण त्यांच्या हत्यारांनी हवा इतकी खराब होत नव्हती. ग्राइंडर आणि सॅण्डर आले, वेळ वाचला, धूळ वाढली. मशीन टाकून द्या असं मी म्हणणार नाही, ऑर्डर वेळेत द्यावी लागते. पण मशीन घ्यायला पैसे निघतात तर तिची धूळ ओढणाऱ्या यंत्राला का निघू नयेत? खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. २०२३ पासून चालू असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. आणखी एक कटर देण्यापेक्षा त्यातून धूळ ओढायचं यंत्र द्यावं, अशी मागणी आपल्या संघटनांनी करायला काय हरकत आहे?

रमजानमध्ये त्या शिकाऊ पोराने मौलवीसाहेबांना विचारलं होतं, घशात भुसा जातो, रोजा तुटतो का? टाळता न येणारी, आपोआप आत जाणारी धूळ रोजा तोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. उत्तर बरोबरच होतं. पण मामूंनी त्यातून 'धुळीने काही होत नाही' एवढंच उचललं. रोज्याचा हिशोब वेगळा, छातीचा वेगळा, आणि यंत्र घेतल्यावर तीच धूळ टाळता येण्यासारखी होते, हे समजावायला मला दोन शुक्रवार लागले.

यंत्र आलं आहे. मामूंची तक्रार अशी की त्याच्या घरघरीत तबलीवर टिचकी मारून आवाज ऐकता येत नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून ते फक्त घासताना चालू करतात आणि ऐकताना बंद करतात. मुमानीला मी परत दवाखान्यात नेलं, या वेळी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली. म्हणाले, चुलीचा धूर किती आणि भुसा किती हे आता वेगळं काढता येणार नाही, पण झाडणं आजपासून बंद. कागदावरचं 'गृहिणी' त्यांनी खोडलं नाही, त्याच्या पुढे 'लाकडाची धूळ, ३५ वर्षं' असं लिहिलं. झाडायचं काम आता मामूंच्या मुलाकडे आहे, ओल्या फडक्याने. तो दोन दिवस विसरला की मुमानी गुपचूप खराटा उचलते, म्हणून गेल्या आठवड्यात मी तो खराटाच घेऊन आलो.