छापा, पण मधे येऊ नका

गेलेल्या माणसाचे कौतुक करण्यात आपले सोलापूर कुणाला हार जाणार नाही. कुणाकडे न जाणारा, कुणाला घरात न घेणारा, वह्यांवर वह्या भरणारा एखादा विक्षिप्त माणूस गेला की दहाव्याला जमलेल्या मित्रांपैकी कुणीतरी म्हणतोच, "ह्याचं सगळं छापायला पायजे बघा." तेराव्यापर्यंत समिती होते, वर्षश्राद्धाला पुस्तक येते. मुखपृष्ठावर ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, आत आमदारांचा शुभसंदेश, माजी प्राचार्यांची प्रस्तावना, मित्रांच्या आठवणी आणि उरलेल्या पानांत तो बिचारा.

पुस्तकांवरच्या सदरात पुस्तकांविरुद्ध लिहिणे विचित्र दिसेल, पण या हौसेला माझा विरोध आहे. एकट्या माणसाचे लेखन छापायचे तर मित्राने प्रकाशक व्हावे, पालक होऊ नये. मराठीत हे काम कुणी चोख केले असेल तर अशोक शहाणे यांनी, अरुण कोलटकरांच्या बाबतीत.

कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले कलावंत. पण घरी फोन नाही, मुलाखतींचे नाव काढायचे नाही. गाठायचे तर मुंबईत काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये, गुरुवारी दुपारी, ठरलेल्या टेबलाशी. 1977 मध्ये त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढले. पुढचे मराठी पुस्तक यायला 2003 उजाडले. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे हा माणूस लिहीतच होता. दुसरा प्रकाशक असता तर पुरस्काराची हवा आहे तोवर दरसाल एक संग्रह काढून मोकळा झाला असता. शहाणे थांबले. थांबणे हेही प्रकाशकाचे काम असते, पण ते कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

मग कोलटकरांना कॅन्सर झाला आणि कामाला एकदम वेग आला. 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' ही मराठी पुस्तके, शिवाय 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र' ही इंग्रजी, सगळी प्रासचीच, वर्ष-दोन वर्षांच्या आत बाहेर पडली. 25 सप्टेंबर 2004 रोजी कोलटकर पुण्यात वारले तेव्हा ही पुस्तके त्यांच्या डोळ्यांदेखत निघालेली होती. 'भिजकी वही'ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मात्र घ्यायला ते नव्हते. असते तरी किती खूश झाले असते, कोण जाणे.

'भिजकी वही' हे जवळजवळ चारशे पानांचे जाडजूड पुस्तक जगभरच्या बायकांच्या रडण्याबद्दल आहे. त्यात नादेझ्दा मांडेलस्टामही आहे. तिचा नवरा, रशियन कवी ओसिप, 1938 मध्ये स्टालिनच्या छावणीत मेला. त्याच्या कवितांचे कागद घरात ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून तिने त्या पाठ करून ठेवल्या, वर्षानुवर्षे. पाठांतरात एक मोठी सोय आहे: त्यात कुणाला शुभसंदेश घुसडता येत नाही.

शहाण्यांचे उदाहरण सोपे वाटते, कारण कवी हयात होता, हो-नाही म्हणत होता. खरी पंचाईत धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींची. काळ्या चष्म्याआड राहिलेला, साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणारा हा लेखक 11 डिसेंबर 1987 रोजी गेला आणि 1995 पासून त्यांची पत्रे खंडांनी येऊ लागली. पहिला खंड सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. ही पत्रे निवडून छापण्यात म. द. हातकणंगलेकरांसारखा जुना मित्र होता. जी. एं.ना आधी विचारले असते तर काय उत्तर आले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही ती छापली हे बरेच झाले असे मला वाटते, आणि असे वाटण्यात वाचकाचा स्वार्थ आहे हेही उघड आहे. एवढेच म्हणेन की जी. ए. स्वतःच्या कथा आपणहून छापायला देत होते. त्यांना लोकांसमोर जायचे नव्हते, वाचले जायला त्यांची ना नव्हती. मित्र म्हणवणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे. आपल्या गावात राहून 'डांगोरा एका नगरीचा' लिहिणारे त्र्यं. वि. सरदेशमुखही याच जातीचे.

आता घरचे उदाहरण. माझ्या ओळखीचे एक अण्णा आहेत, गिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. जुन्या खतावण्यांच्या कोऱ्या पानांवर ते लिहितात. लाल रेघा तशाच. जमेच्या बाजूला पूर्व भागातल्या मागांवर, चहाच्या गाड्यावर कानावर पडलेले बोलणे, तेलुगू, कानडी, मराठी सगळे मिसळलेले. नावेच्या बाजूला त्यावर अण्णांचा शेरा, बहुतेक वेळा तिखट. एका मित्राने मोठ्या प्रेमाने त्यातली काही पाने डीटीपीला टाकली. तिथे दोन रकान्यांचा एक झाला आणि 'काय करलालाव' चे 'काय करत आहात' झाले. अण्णांनी प्रूफ वाचले, "हे कुणाचं हाय?" विचारले आणि खतावणी काखेत मारून घरी गेले.

मित्र दुखावला. त्याचे म्हणणे, शुद्ध केल्याशिवाय लोक हसतील. माझे म्हणणे, हसू देत. कोलटकरांच्या कवितेतली मुंबईची हिंदी-मराठी भेसळ प्रासने धुऊन काढली असती तर उरले काय असते?

बऱ्याच मध्यस्थीनंतर अण्णा तयार झालेत. अटी तीन: फोटो नको, समारंभ नको, रेघा पुसायच्या नाहीत. मित्र समारंभावर अडला आहे, कारण समारंभाशिवाय प्रती खपणार कशा? आता डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात, हजाराचा गठ्ठा माळ्यावर टाकावा लागत नाही. तेव्हा पन्नासच काढा, एक हिराचंद नेमचंद वाचनालयात द्या आणि बाकीच्या अण्णांच्या घरी पोचवा. कुणाला द्यायच्या ते ते बघतील. समितीतल्या किती जणांना मिळतील, सांगता येत नाही.