परीक्षा कोणत्या नियमांनीं घेतली?

निकाल ऐकण्यापूर्वीं परीक्षा कोणत्या नियमांनीं घेतली हें विचारावें, असें कोणीहि अनुभवी शिक्षक सांगेल. प्रश्नपत्रिका एकच असली तरी नियम बदलले कीं निकालाचा अर्थहि बदलतो.

सांप्रत संगणकाच्या सॉफ्टवेअरचीहि अशीच परीक्षा होत असते. वाचकांपैकीं कित्येकांचे चिरंजीव, कन्या अथवा सूनबाई याच व्यवसायांत असल्यामुळें ‘आज टेस्ट लाल आल्या’ किंवा ‘हिरव्या आल्या’ हे शब्द त्यांच्या कानांवर पडत असतील. प्रोग्रॅम लिहिणारा त्याच्याबरोबरच लहान लहान प्रश्नहि लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, अमुक रकमेवर अमुक व्याज आलेंच पाहिजे. पुढें प्रोग्रॅममध्यें थोडा जरी फेरफार झाला तरी यंत्र ते सर्व प्रश्न आपण होऊन पुन्हा विचारतें. उत्तर बरोबर आल्यास हिरवी खूण, चुकल्यास लाल. केंट बेक व एरिक गामा यांनीं १९९७ सालीं जावा भाषेकरितां ‘जेयुनिट’ हें साधन रचल्यानंतर ही पद्धति झपाट्यानें पसरली.

परंतु प्रश्न लिहून भागत नाहीं. ते कसे विचारावयाचे हेंहि यंत्रास सांगावें लागतें. पायथॉन भाषेचें ‘पायटेस्ट’ हें साधन पाहूं. पहिली चूक सांपडतांच थांबावें कीं शेवटपर्यंत जावें? थांबल्यानें वेळ वांचतो, पण पुढील चुका झांकलेल्या राहतात. सर्व प्रश्न विचारावे कीं विशिष्ट खूण केलेलेच? कीं मागील खेपेस चुकलेले तेवढेच? हे विकल्प एका लहानशा फाइलींत लिहून ठेवतां येतात. म्हणजे परीक्षक बदलला तरी नियम बदलत नाहींत.

यांतील एक सवलत मात्र जपून वापरण्याजोगी आहे. पायटेस्टला एक पुरवणी अशी जोडतां येते कीं, ज्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तो यंत्र सांगाल तितक्या वेळां पुन्हा विचारतें, व एकदां उत्तर जुळलें कीं तो उत्तीर्ण धरतें. इंटरनेट क्षणभर तुटल्यामुळें उत्तर चुकलें असल्यास हें न्याय्यच होय. पण जो प्रोग्रॅम तीन वेळां विचारल्यावर एकदां बरोबर उत्तर देतो, तो लोकांच्या हातीं गेल्यावरहि तसाच वागणार. बँकेतून पैसे पाठविणाऱ्या गृहस्थाच्या वांट्यास पहिलेंच उत्तर येतें!

याहून सूक्ष्म गोष्ट शून्याची. फाइलचें नांव ठराविक वळणाचें नसलें, किंवा निवडीची खूण लिहितांना एखादें अक्षर चुकलें, तर कधीं कधीं एकहि प्रश्न विचारला जात नाहीं. मग निकाल काय द्यावा? पायटेस्ट सर्व प्रश्न उत्तीर्ण झाल्यास ० हा अंक देतें, कांहीं चुकल्यास १, आणि प्रश्नच न मिळाल्यास ५. पायथॉनबरोबर येणारें ‘युनिटटेस्ट’ हें साधन मात्र पूर्वीं शून्य प्रश्न विचारूनहि ‘ठीक’ असा शेरा देत असे. २०२३ सालीं निघालेल्या पायथॉनच्या ३.१२ या आवृत्तीपासून तेंहि अशा वेळीं ५ हाच अंक देऊं लागलें.

रिकाम्या वर्गांत एकहि विद्यार्थी नापास होत नाहीं, हें अक्षरशः खरें. पण त्यावरून वर्ग हुशार ठरत नाहीं. आपल्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, तेंहि एका अटीवर: वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिति हवी. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तो तेथें नाहीं असें म्हणतां येत नाहीं. दिवा लावून पाहिलें असेल, तरच त्या न दिसण्यास किंमत आहे. प्रोग्रॅममधील चुकांचेंहि तसेंच.

म्हणून घरांतील कोणी ‘सर्व हिरवें आलें’ असें सांगेल, तेव्हां त्याचें कौतुक अवश्य करावें. पण दोन गोष्टी सहज विचाराव्या. प्रश्न किती विचारले गेले? आणि त्यांपैकीं कितींना दुसरी संधि द्यावी लागली? या दोहोंचीं उत्तरें ज्याला तत्काळ देतां येतील, त्याच्या हिरव्या खुणेवर खुशाल विश्वास ठेवावा.