समुद्राकाठचे गाव वाचताना

वाचकहो, आपल्या अंजनगाव सुर्जीकडच्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर गेल्यावर. त्याच समुद्राच्या काठाने दक्षिणेला, कोकणात, माणसे कशी जगली हे कळायला मात्र रेल्वेचे तिकीट लागत नाही. वाचनालयातले एक पुस्तक पुरते. म्हणून या वेळी आम्ही श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही १९५२ सालची कादंबरी सुचवीत आहोत.

दापोली भागातले आडवळणाचे गाव. आपल्याकडे पानमळे, तिकडे पोफळीच्या बागा. विडा दोघांचा मिळून होतो! गावावर सत्ता अण्णा खोताची. गरीब घरचा बापू त्याच्यापुढे मान तुकवीत नाही. गावाने नावे ठेवलेल्या राधेचा हात तो उघडपणे धरतो.

आम्हा वऱ्हाडातल्यांना पाटील-देशमुख ठाऊक, खोत कोण? सरकारचा शेतसारा गोळा करणारा वतनदार. राबायचे कुळांनी, पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या घरी, वर वेठ वेगळी. ही पद्धत बंद करण्यासाठी डॉ. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर गेले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच भागातले, मंडणगड तालुक्यातले. त्यांच्या बालपणीचा काही काळही दापोलीत गेला. तेव्हा खोत त्यांना पुस्तकातून कळला नव्हता.

'गारंबीचा बापू' ही कुळांच्या लढ्याची गोष्ट नव्हे. बापूची हिंमत मनाला भिडते. पण खोताच्या शेतात राबणाऱ्यांच्या घरात रात्री काय शिजत होते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' या २००३ सालच्या आत्मकथनात सापडते. डोक्यावर ओझे घेऊन डोंगरवाटा तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, बांबूच्या टोपल्या विणणारी आई, हेही कोकणच आहे.

ही दोन्ही पुस्तके घरात पाठोपाठ वाचावीत. जेवणे झाल्यावर शाळेत जाणाऱ्या मुलीने दहा पाने मोठ्याने वाचावीत, आजीने ऐकावीत. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनाही कादंबरी ऐकण्याचा हक्क आहे. आणि आजीने मध्येच "आमच्याकडे पण असंच होतं" म्हटले, तर पुस्तक मिटून आधी तिचे ऐकावे.