मुदत संपलेला भाडेकरू

मंगळवारी संध्याकाळी आमच्या बेसमेंटमधला मुलगा वर आला, डायनिंग टेबलापाशी बसला आणि हिने पुढे केलेल्या चहाकडे न बघता म्हणाला, "काका, मी एक्स्पायर झालो." मला हसू आलं. हिला आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ऑफिसातल्या एचआरच्या बाईंनी त्याला बोलावून सांगितलं होतं, सिस्टीममध्ये तुझ्या नावापुढे लाल खूण आलीय, तुझं वर्क परमिट संपलंय, नवीन कागद हातात येईपर्यंत कामावर येऊ नकोस.

बेसमेंटच्या भाडेकरूंवर मी या सदरात इतकं लिहिलंय की पुण्याच्या एका वाचकाने मला मागे 'तळघरकार' अशी पदवी दिली होती. तर हा सध्याचा मुलगा सांगलीचा. रात्री अकराला लसणाची फोडणी देतो, ही एक तक्रार सोडली तर गुणी आहे. बर्फ पडला की न सांगता फावडं उचलतो. माझ्या वयात आणि ब्रॅम्प्टनच्या हिवाळ्यात हा गुण भाड्यापेक्षा मोलाचा.

आधी नियम सांगून टाकतो, म्हणजे मला मोकळेपणी चिडता येईल. कॅनडात कॉलेज केल्यावर जे वर्क परमिट मिळतं ते आयुष्यात एकदाच, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. तेवढ्यात निदान वर्षभराचा कुशल कामाचा अनुभव जमवायचा, एक्स्प्रेस एंट्रीच्या यादीत नाव घालायचं, गुण पुरले आणि बोलावणं आलं तर पीआरचा, म्हणजे पक्क्या रहिवासाचा, अर्ज भरायचा. अर्ज दाखल झाला, पण पीआर यायच्या आत परमिट संपायला आलं, तर मधल्या काळासाठी 'ब्रिजिंग ओपन वर्क परमिट' मागता येतं. फी 255 डॉलर. हा अर्ज जुनं परमिट संपायच्या आत केलेला असला, की निकाल लागेपर्यंत माणूस जुन्याच अटींवर काम करत राहू शकतो. नियमावलीत कलम 186 आहे, त्याच्या 'यू' पोटकलमात हे स्वच्छ लिहिलंय. आमच्या मुलाने अर्ज वेळेत केला होता, फी भरली होती, पोचही होती.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याचं सगळं ठीक. पण कायदा कपाटात असतो आणि एचआरच्या बाईंसमोर स्क्रीन असते. स्क्रीनला एकच समजतं : तारीख. ती उलटली की लाल. त्याने अर्जानंतर मिळालेलं पत्र दाखवलं. 'या व्यक्तीला काम करण्याची मुभा आहे' असं सांगणारं सरकारी पत्र. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, पण यावरही एक तारीख आहे. आहेच! काम करता येतं हे सांगणाऱ्या पत्रालाही मुदत आहे, आणि ती मुदत संपेपर्यंत निकाल लागला नाही तरी काम करता येतं, असं तेच खातं पुन्हा वेगळीकडे सांगतं. आता हे बाईंना कोण समजावणार? त्यांचीही चूक म्हणवत नाही. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर कंपनीला दंड होतो. त्या म्हणाल्या, मी लीगलला विचारते. हे लिहून होईपर्यंत लीगल विचार करत आहे.

एक तारीख गेली की तिच्यामागे बाकीच्या तारखा निघतात. या मुलांचा सोशल इन्शुरन्स नंबर 9 ने सुरू होतो. तात्पुरत्या माणसांसाठी राखलेला आकडा तो. तुमचा नंबर ऐकताना समोरच्याला पहिल्याच अंकाला कळतं की गृहस्थ पाहुणे आहेत. त्या नंबरालाही परमिटचीच मुदत असते. नवं परमिट आल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. त्यामुळे बँकेत गेलं की तिथेही लाल खूण. हेल्थ कार्डाची तारीखही त्याच खुंटीला बांधलेली. पासपोर्टातला व्हिसाही संपलेला, त्यामुळे देशाबाहेर पडलं तर परत यायला नवा व्हिसा हवा. एरवी मुलगा ठणठणीत. जिममध्ये जातो, प्रोटीन पितो, पण कागदोपत्री त्याचा एकेक अवयव निकामी होत चाललाय.

बुधवारी पहाटे त्याच्या आईचा मला फोन. पहाटे म्हणजे आमच्या. त्यांच्याकडे दुपारची जेवणं झालेली. "भाऊ, पोराला पोलीस तर धरणार नाहीत ना?" मी म्हटलं, वहिनी, इथे पोलिसांना याच्यात काही रस नाही. "मग नोकरी गेली म्हणतोय ते?" गेली नाही, थांबलीय. "आणि पीआर?" पीआर येईल. "कधी?" इथे माझं ज्ञान संपलं. त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच : मुलीचं लग्न मार्गशीर्षात धरलंय, तिचा भाऊ येईल का? गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिलेत, पण मुहूर्त कॅनडा सरकारला विचारल्याशिवाय पक्का करता येत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्ही तिथे इतकी वर्षं आहात, तुमची काही ओळख नाही का त्या ऑफिसात? ओळख! माझी ओळख इथे फक्त बर्फ काढणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या ट्रकवाल्याशी, आणि तीही भांडणाची.

गंमत अशी की वर्क परमिट हा कागद मी माझ्या नावाचा कधी पाहिलाच नाही. आमच्या वेळी अर्ज भारतातूनच व्हायचा. कॅनडाने 1967 मध्ये गुणांची पद्धत आणली, आम्ही तिच्यातून आलो : शिक्षणाचे इतके, वयाचे इतके, इंग्रजीचे इतके. दिल्लीला कागद पाठवायचे, मुलाखत झाली तर द्यायची, आणि मग विमानातून उतरायचं ते पक्के रहिवासी होऊनच. नोकरी नव्हती, थंडीचे कपडे नव्हते, पण कागद पक्का होता. आताच्या मुलांचं उलट. नोकरी आहे, गाडी आहे, कर भरतात, हॉकीच्या मॅचला ओरडतात, आणि कागद कच्चा. पूर्वी देश आधी होय म्हणायचा, मग माणूस यायचा. आता माणूस आधी येतो, फी भरतो, वर्षानुवर्षं काम करतो, आणि देश म्हणतो बघू. मला ही नवी पद्धत आवडत नाही. कुणाला बघायचंच असेल तर आधी बघावं, घरी जेवायला घालून मग पत्रिका मागू नये.

त्यात गुणांचा हिशेब. वयाचे पूर्ण गुण एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. तिशी लागली की एकट्या अर्जदाराचे पाच जातात, आणि पुढे दरवर्षी थोडे थोडे. या मुलाने अर्ज भरण्याआधी त्याचा वाढदिवस आला होता. हिने औक्षण केलं आणि सवयीने म्हणाली, "शतायुषी हो." तो कळवळून म्हणाला, "काकू, असं नका म्हणू, गुण कापतात." पंच्याहत्तरचा आकडा या पोरांमध्ये दंतकथेसारखा सांगितला जातो. 13 फेब्रुवारी 2021, कोविडमुळे बाहेरून माणसं येईनात, तेव्हा सरकारने देशातच असलेल्या 27,332 जणांना एका दिवसात बोलावणं धाडलं. कटऑफ 75. आता पाचशेच्या वर गुण असलेली मुलं नखं खात बसतात, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने पुढच्या वर्षीच्या पीआरचा आकडा पाच लाखांवरून 3,95,000 वर आणून ठेवला.

पूर्वी निदान कॉलेजनंतरच्या पहिल्या परमिटसाठी तरी एक पळवाट होती. पळवाट कसली, कायदेशीर रस्ताच. नायगाराला जायचं, रेनबो ब्रिजवरून चालत अमेरिकेच्या दारात जायचं, तिथल्या अधिकाऱ्याने 'तुला घेत नाही' असा कागद दिला की मागे वळायचं आणि कॅनडाच्या दारात येऊन म्हणायचं, आलो, आता माझं परमिट छापून द्या. महिनोन् महिने ऑनलाइन वाट बघण्यापेक्षा काही तासांत काम. नकार मिळाल्यावर माणसं खुशीत परत येतात असं ठिकाण मी दुसरं पाहिलं नाही. 21 जून 2024 पासून सरकारने हे बंद केलं. सीमेवर गर्दी होते, अधिकाऱ्यांचा वेळ जातो, ही कारणं असतील रास्त. पण त्यामुळे आमच्या घरची एक परंपरा बुडाली, त्याचं काय?

कारण बेसमेंटमधल्या मुलांना गाडी नसायची, तेव्हा नेणारा मी. हिने पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधायची, थर्मासमध्ये चहा. मुलगा पुलावर, आम्ही धबधब्याच्या कठड्यापाशी. काही वर्षांपूर्वी कराडकडचा एक मुलगा होता, त्याच्या पदवीदानाला आईवडील आले होते. वडील पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. मुलगा फाइल घेऊन पुलाकडे गेला, आम्ही चौघं धबधबा बघत उभे. बाकीचे लोक सेल्फी काढत होते, साहेब पाण्याच्या धारेकडे डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "किती सुटत असेल हो? लाखभर क्युसेक?"

मी थक्क झालो. कारण आकडा नेमका तोच आहे. 1950 मध्ये अमेरिका आणि कॅनडाचा करार झाला, पाणी विजेसाठी वळवायचं, पण पर्यटकांच्या हंगामात दिवसा धबधब्यावर निदान एक लाख क्युसेक सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार. म्हणजे रात्री धबधबा निम्म्यावर आणता येतो. हे मी सांगितल्याबरोबर साहेबांचा चेहरा असा उजळला, जसा पदवीदानाला उजळला नव्हता. "म्हणजे इथेही आवर्तन आहे!" ते बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, आवर्तन आहे." बाई म्हणाल्या, "अहो, पोराचं काय झालं ते बघा आधी." साहेब कुठले ऐकायला! दरवाजे कुठे आहेत? मी म्हटलं, वरच्या अंगाला, 18 आहेत. झालं. मुलगा पुलावरून धावत आला, परमिट झेंड्यासारखं हलवत, "तीन वर्षं मिळाली!" तर वडील म्हणाले, "शाब्बास, बस गाडीत, दरवाजे बघायला जायचंय."

गेलो. साहेबांनी कठड्यावरून ते अठराही मोजले. कुठले उघडे, कुठले पाडलेले, कुठून गळती. मुलगा परमिट हातात घेऊन मागे उभा, त्याच्या आईने ते घेऊन पुऱ्यांच्या पिशवीत ठेवलं, तेलाचा डाग लागला. साहेबांनी मला विचारलं, नदी दोन देशांची, मग रात्री दरवाजा पाडायचा हुकूम कोण देतं? मी म्हटलं, दोन्हीकडची वीज मंडळं मिळून बघतात.

"लेखी देतात का?"

मी म्हटलं, ते काही माहीत नाही बुवा.

"मग चौकशी करून ठेवा," ते म्हणाले, "तोंडी हुकुमावर मी कधी दरवाजा पाडला नसता," आणि गाडीत जाऊन बसले.