उपाशी पोटाची शिस्त

"फौजेत पाच मिनिटांत जेवावं लागतं आत्या, आतापासून सवय झालेली बरी." हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की शेवटी म्हटलं आता लिहूनच टाकावं. म्हणणारे सगळे आपलेच आहेत. कुणी भाचा, कुणी माझा जुना विद्यार्थी, कुणी ओळखीपाळखीचे. पोराला 'ऑफिसर' करायचं म्हणून सगळ्यांनी त्याला कुठल्या ना कुठल्या निवासी 'सैनिकी' अकॅडमीत घातलंय. त्यांना राग आला तर येवो बापडा! चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, सत्तरी ओलांडली, आता नाही बोलायचं तर कधी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. पोरांना कमी आणि घाईघाईने खाऊ घालण्याला सैनिकी शिस्त म्हणू नका. ती काटकसर आहे, आणि तिचे पैसे कुणाच्या तरी खिशात जातात.

आधी खऱ्या ठिकाणी काय चालतं ते पाहू. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, लोक जिला एनडीए म्हणतात. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं. तिथली कॅडेट्स मेस म्हणजे एक अवाढव्य भोजनगृह आहे. दोन हजारांच्या आसपास मुलं तिथे एकाच वेळी जेवायला बसू शकतात. पहाटे पीटीच्या आधी चहा-बिस्किटं, मग भरपूर नाश्ता, मधल्या वेळचा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण. म्हणजे दिवसाची आखणी करतानाच खाण्याच्या वेळा धरलेल्या असतात. आणि हा खर्च पालकांवर नाही. कॅडेटच्या राहण्या-जेवण्याचा, कपड्यांचा, पुस्तकांचा खर्च सरकार करतं, हे यूपीएससीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं.

घाई असते का? असते. पहिल्या टर्मच्या मुलाला परेडचा पोशाख उतरवून, दुसरा चढवून, सायकल हाणत मेस गाठायची असते आणि तिथून पुन्हा वर्गात पळायचं असतं. निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडून पहिल्या टर्मच्या आठवणी ऐका, त्यात भूक आणि झोप हमखास येणारच. पण ती भूक दिवसभर पळणाऱ्या, वाढत्या वयाच्या पोराची आहे. पातेल्यात अन्नच नव्हतं म्हणून लागलेली ती नाही. वेळ कमी होता, वाढप कमी नव्हतं. आपल्याकडच्या अकॅडम्यांनी यातली घाई तेवढी उचलली आणि पातेलं तिथेच ठेवून आल्या.

आमच्या नात्यातला एक बारा वर्षांचा मुलगा दिवाळीत घरी आला होता. कुठल्या अकॅडमीतून ते मी लिहिणार नाही, कारण प्रश्न त्या एकीचा नाही. पानावर बसला आणि डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून, मान खाली घालून, चार मिनिटांत चार पोळ्या संपवल्या. कुणाशी बोलला नाही. वाढायला गेलं की आधी हाताकडे बघायचा, मग माणसाकडे. बाप कौतुकाने म्हणाला, "पाह्यलं का आत्या, फौजी झाला न्!" मला मात्र त्यात दुष्काळ दिसला. १९७२ साली मी तरुण होते. सुकडीच्या रांगेतून आलेली पोरं अशीच ताट झाकून जेवायची. मुलाला हळूच विचारलं तेव्हा कळलं, की पोळ्या मोजून तीन. वरण पातळ. दुसऱ्यांदा मागितलं की 'खादाड' म्हणून सगळ्यांसमोर दहा उठाबशा. आणि बाप वर्षाची भरभक्कम फी भरून आलेला!

आता थोडा हिशोब करू, मास्तरीण आहे ना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची रोजची गरज ३३२० किलोकॅलरी धरली आहे. तेरा ते पंधरासाठी २८६०. हे साध्यासुध्या मुलाचं झालं. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारणाऱ्याला याहून जास्तच लागणार. दुसरा आकडा आपल्या शाळेतल्या खिचडीचा. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आणि पुढे सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणात १५० ग्रॅम धान्य, ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तांदूळ-डाळीची नोंदवही मीच लिहायचे. त्या खिचडीला आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली, पण तिला निदान मोजमाप होतं. फुकटच्या खिचडीला मोजमाप असतं आणि फी घेणाऱ्याच्या वरणाला नसतं, हे आपल्या पालकांना खटकत कसं नाही?

"पण भूक सोसायला शिकलंच पाहिजे ना!" हा पुढचा मुद्दा येतो. शिकावं की. एनडीएतही ग्रीनहॉर्न, रोव्हर, तोरणा अशी शिबिरं असतात, पाठीवर ओझं घेऊन डोंगर तुडवावे लागतात, हाल होतात. पण ते काही दिवसांचं असतं, धडधाकट आणि पोटभर खाल्लेल्या मुलांसाठी असतं, आणि शिकवणारा तिथे हजर असतो. वर्षभर रोज थोडं कमी खाणं ही निराळीच गोष्ट आहे. त्याने काय होतं याचा प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटाला अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते तरुण कणखर झाले नाहीत. चिडचिडे झाले, खिन्न झाले, कामातलं लक्ष उडालं आणि दिवसभर खाण्याचाच विचार करत बसले. मुलगा अभ्यासात मागे पडतोय म्हणून अकॅडमीवाला आणखी शिकवणी लावायला सांगतो. अहो, आधी त्याला एक पोळी जास्त वाढा!

जेवणाच्या टेबलावर पोरांना छळणं हेही काही नवं नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत जुनी मुलं नव्यांना जेवताना तिखटजाळ सॉस पाजायची. १९०० साली ऑस्कर बूझ नावाचा तिथला एक माजी कॅडेट घशाच्या क्षयाने वारला, आणि घरच्यांनी त्याचा दोष या छळाला दिला. प्रकरण थेट अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं, चौकशी झाली, १९०१ मध्ये असल्या छळाविरुद्ध कायदा झाला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द सैन्य घडवणाऱ्यांनाही हे नको झालं होतं. आपण मात्र आज ते पैसे देऊन विकत घेतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अधिकारी म्हणजे कोण? १९३२ साली डेहराडूनच्या अकादमीच्या उद्घाटनाला सर फिलिप चेटवुड यांनी जे सांगितलं ते आजही तिथे प्रत्येक कॅडेटच्या मनावर बिंबवलं जातं. थोडक्यात असं, की आधी देश, मग हाताखालची माणसं, आणि स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी. त्याहून कितीतरी आधी, सोळाशे सत्तरच्या दशकात, शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला पत्र लिहून दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरायला बजावलं. का, तर ती आधीच संपली की घोडी मरतील आणि शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील. एवढा मोठा राजा वैरणीचा हिशोब करत होता! माणसांच्या आणि जनावरांच्या पोटाची काळजी हेच अधिकाऱ्याचं पहिलं काम आहे. मग ज्या अकॅडमीत संचालकाच्या पानात तूप आणि पोरांच्या पानात पाणी असतं, तिथून कसला अधिकारी घडणार? पोर तिथे एवढंच शिकतं, की वर चढलं की आपणही असंच करायचं.

कुणी म्हणेल, खऱ्या दलांत तरी सगळं आलबेल आहे का? नाही. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पातळ डाळ आणि करपलेला पराठा दाखवणारा व्हिडिओ टाकला होता, देशभर गाजला. पण लोक संतापले ते कशामुळे? जवानाला पोटभर आणि चांगलं मिळालंच पाहिजे, असं सगळ्यांना वाटत होतं म्हणून. जवानाच्या पातळ डाळीवर हळहळणारे तेच आपण, पोराच्या पातळ डाळीला शिस्त म्हणतो.

आणि आता घरातलं बोलते, बायकांनाही ऐकवते. २०२२ साली एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या. तेव्हापासून आपल्या वाशीम-रिसोडकडच्या पोरीही 'मला एनडीएत जायचंय' म्हणू लागल्या आहेत. ऐकून जीव सुखावतो. पण घरी पंगत कशी बसते? आधी पुरुष, मग पोरं, मग आई आणि मुलगी, उरलंसुरलं घेऊन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं. ते काय आभाळातून पडलं? अधिकारी शेवटी जेवतो कारण त्याच्या हातात अधिकार असतो आणि तो स्वतःहून थांबतो. आपली पोरगी शेवटी जेवते कारण तिला कुणी विचारतच नाही. या दोन्हीला 'त्याग' म्हणू नका. तिला मैदानावर पळायला सांगायच्या आधी पहिल्या पंगतीत बसवा. तुरीचं वरण, हरभरा, शेंगदाणे, ज्वारीची भाकर, हे सगळं आपल्याच वावरात पिकतं. शहरातून डबे मागवायची गरज नाही.

काटा-चमच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो आठवड्याभरात येतो. खेड्यातली किती पोरं तो शिकून मोठे अधिकारी झाली. हाडं मात्र आठवड्याभरात वाढत नाहीत.

तेव्हा अकॅडमीत पोराला घालणाऱ्यांनी एवढं करा. मैदान आणि गणवेश नंतर बघा, आधी स्वयंपाकघर दाखवा म्हणा. न सांगता, आडवारी जा आणि पोरांच्या पंगतीत बसून जेवा. पुन्हा मागितलं तर मिळतं का, ते पोराला एकट्याला घेऊन विचारा. दर सुट्टीत वजन आणि उंची घरच्या भिंतीवर लिहून ठेवा. संचालक कुठे आणि काय जेवतो तेही विचारा, लाजू नका, फी तुम्ही भरता. 'आमच्याकडे पालकांना आत सोडत नाहीत' असं उत्तर आलं तर पोराची पेटी उचला आणि घरी आणा.

माझ्यावर रागावलात तर खुशाल फोन करून भांडा, मी घरीच असते. पण त्याआधी तिथल्या वरणात एकदा पळी घालून बघा, तळाशी डाळ लागते का.