हुकूम सुटला, बस सुटली नाही

२८ ऑगस्ट २००५. रविवारची सकाळ. न्यू ऑर्लिन्सचे महापौर रे नेगिन यांनी शहर रिकामे करण्याचा सक्तीचा आदेश काढला. कॅटरिना चक्रीवादळ तेव्हा मेक्सिकोच्या आखातात ताशी २८० किलोमीटर वेगाने घोंघावत होते आणि किनारा गाठायला त्याला जेमतेम वीस तास उरले होते. आदेश योग्यच होता, निघाला मात्र उशिरा. शिवाय ऐकणाऱ्याच्या दारात मोटार उभी आहे, तिच्यात पेट्रोल आहे आणि चार रात्री मोटेलात काढण्याइतके पैसे त्याच्या खिशात आहेत, असे तो आदेश धरून चालला होता. शहराच्याच आपत्ती आराखड्यात सुमारे एक लाख नागरिकांकडे स्वतःचे वाहन नाही अशी नोंद होती. त्यात महिनाअखेर, पेन्शन आणि सरकारी मदतीचे धनादेश यायचे ते एक तारखेला. ज्यांना जाता येत होते ते गेले. महामार्गाच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने खुल्या करून परिसरातून दहा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले आणि ती कामगिरी वाखाणण्याजोगीच होती. उरले ते म्हातारे, आजारी, गरीब आणि बहुसंख्येने कृष्णवर्णीय. त्यांच्यासाठी हुकूम होता, बस नव्हती.

या घटनेला २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षे झाली. ती आज पुन्हा तपासायची, कारण ज्या यंत्रणेचे तेव्हा धिंडवडे निघाले त्या ‘फीमा’ या संघीय आपत्ती संस्थेचे भवितव्यच अमेरिकेत पुन्हा टांगणीला लागले आहे. आणि ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हे सत्ताधाऱ्यांचे वाक्य जगात कुठेही जुने होत नाही.

कल्पना होती. पुरेपूर होती. ‘टाइम्स-पिकायून’ या स्थानिक वृत्तपत्राने २००२ साली पाच भागांची मालिका छापून, मोठे वादळ आले तर हे शहर कसे बुडेल ते सांगितले होते. जुलै २००४ मध्ये फीमाच्या पैशाने ‘हरिकेन पाम’ नावाची रंगीत तालीम झाली. तिच्यातले काल्पनिक वादळ तिसऱ्या श्रेणीचे होते, बांधांवरून पाणी शहरात शिरत होते आणि हजारो माणसे अडकून पडत होती. त्या तालमीचा पुढचा टप्पा रद्द झाला, कारण अधिकाऱ्यांच्या प्रवासखर्चाला पैसे नव्हते. याहून विदारक तपशील २००५ च्या जुलैमधला आहे. वादळ आल्यास तुमची सोय तुम्हालाच पाहावी लागेल, असे गरीब वस्त्यांना बजावणाऱ्या डीव्हीडी शहरात तयार होत होत्या. म्हणजे बस मिळणार नाही हे ठाऊक होते. ते कळवण्याची तेवढी व्यवस्था सुरू होती.

२९ ऑगस्टला पहाटे वादळ किनाऱ्याला धडकले तेव्हा त्याचा जोर ओसरून ते तिसऱ्या श्रेणीत उतरले होते. ‘थोडक्यात वाचलो’ अशी पहिली प्रतिक्रिया होती. मग कालव्यांच्या भिंती कोसळल्या. सतराव्या रस्त्याचा कालवा, लंडन अव्हेन्यूचा कालवा, इंडस्ट्रियल कालवा; पन्नासहून अधिक ठिकाणी बांध आणि पूरभिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. यातल्या पहिल्या दोन कालव्यांवर पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलेही नव्हते. मऊ मातीत पोलादी पत्रे पुरेसे खोल न रोवल्याने भिंती खालून सरकल्या. या भिंती बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने आराखड्यातला दोष २००६ साली कबूल केला. १९६५ मध्ये बेट्सी वादळाने हेच शहर बुडवले, तेव्हा काँग्रेसने हे संरक्षण मंजूर केले होते. तेरा वर्षांत पुरे व्हायचे काम चाळीस वर्षांनीही अपुरे होते. न्यू ऑर्लिन्सच्या बुडण्याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे त्यामुळे अर्धसत्य आहे. वादळ निसर्गाचे होते, पण शहराच्या बऱ्याच भागात शिरलेले पाणी सरकारी कामातून आले होते.

पुढचे पाच दिवस कोणत्याही प्रशासकाने अभ्यासावेत असे आहेत. सुपरडोम या क्रीडागारात ‘शेवटचा आसरा’ म्हणून वीस हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली. छताचे तुकडे उडालेले, वीज गेलेली, शौचालये तुंबलेली. जवळच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आणखी हजारो. तिथे तर अन्नपाण्याची सोय करायची ठरलेलीच नव्हती. लोक गेले कारण उंच आणि कोरडी जागा तीच होती. वादळाच्या दिवशी शहरात फीमाचा एकच माणूस होता. त्याने संध्याकाळी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून फुटलेला कालवा पाहिला, वरिष्ठांना फोन केला आणि मध्यरात्रीपर्यंत ती बातमी व्हाइट हाऊसला पोहोचली. तरी चौथ्या दिवशी, १ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश मुलाखतीत म्हणाले की बांध फुटतील असे कोणाला वाटले नव्हते. त्याच दिवशी अंतर्गत सुरक्षा मंत्री मायकल चेर्टॉफ यांनी कन्व्हेन्शन सेंटरमधल्या हजारो उपाशी लोकांबद्दल आपल्याकडे अहवाल नसल्याचे रेडिओवर सांगितले. तेव्हा ती माणसे देशभरच्या दूरचित्रवाणीवर दिसत होती! मंत्र्याने बातम्या पाहिल्या असत्या तरी पुरे होते, पण अहवाल आल्याशिवाय भूक ग्राह्य धरायची नाही ही नोकरशाहीची रीत सर्वत्र सारखीच. पुरेशा बस याच सुमारास येऊ लागल्या. शहराच्या मालकीच्या कितीतरी बस तोवर आगारातच बुडाल्या होत्या. रांगेत उभ्या, खिडकीपर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी बुश यांनी फीमाप्रमुख मायकल ब्राऊन यांची सर्वांसमक्ष पाठ थोपटली आणि दहा दिवसांत ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. फीमात येण्यापूर्वी हे गृहस्थ अरबी घोड्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे काम पाहत होते.

अन्न पोहोचायला उशीर झाला, बंदुका मात्र लवकर पोहोचल्या. ३१ ऑगस्टलाच पोलिसांना बचावकार्यावरून काढून लुटालुटीच्या बंदोबस्ताला लावण्यात आले. राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी सैनिकांच्या बंदुका भरलेल्या आहेत याची जाहीर जाणीव करून दिली. सुपरडोममध्ये खून-बलात्कारांचे थैमान चालू असल्याच्या कथा खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुखांनी सांगितल्या आणि माध्यमांनी त्या शहानिशा न करता वाजवल्या. पुढे मोजदाद झाली तेव्हा सुपरडोममध्ये मृत्यू निघाले सहा आणि त्यांत खून एकही नव्हता. मधल्या काळात या अफवांची किंमत माणसांनी मोजली होती. मिसिसिपीवरच्या पुलावरून चालत पलीकडे निघालेल्यांना शेजारच्या ग्रेट्ना गावच्या पोलिसांनी हवेत गोळ्या झाडून परतवले. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला; दोघे ठार झाले, चौघे जखमी. पूरग्रस्त गरीब असला की तो आधी संशयित ठरतो.

याच सरकारचा एक विभाग त्या आठवड्यात चोख वागला, हे सांगितलेच पाहिजे. तटरक्षक दलाने ३३ हजारांहून अधिक लोकांना वाचवले. त्यांनी बोटी आणि हेलिकॉप्टरे वादळाच्या मार्गाबाहेर आधीच नेऊन ठेवली होती. मुख्य म्हणजे जागेवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला निर्णय घ्यायची मुभा होती. छतावरचा माणूस दिसला की उचलायचा. त्यासाठी वॉशिंग्टनची सही लागत नव्हती. उलट फीमा, राज्यपाल आणि व्हाइट हाऊस यांच्यात नॅशनल गार्डचे सैनिक कोणाच्या हुकमतीखाली असावेत यावर दिवसचे दिवस खल चालला होता. सामग्री आणि माणसे दोघांकडेही होती. एकीकडे अधिकार पाण्याच्या काठावर होता, दुसरीकडे तो फायलीत अडकला होता.

मृतांचा आकडा वर्षानुवर्षे १,८३३ सांगितला जाई; २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने तो १,३९२ असा सुधारला. लुइझियानातल्या बळींपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरीचे किंवा त्यापुढचे होते. एका वृद्धाश्रमात ३५ जण गेले. शहराची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ४ लाख ८४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार. आणि महापौर नेगिन? कंत्राटदारांकडून लाच घेतल्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

बस मिळणे अशक्य मात्र नव्हते. तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, गुस्ताव वादळ आले तेव्हा याच शहराने वाहन नसलेल्यांसाठी ठरावीक ठिकाणी बस लावल्या आणि सुमारे १८ हजार जणांना बाहेर काढले. ती ठिकाणे आता हात वर करून गाडी थांबवणाऱ्या माणसाच्या पोलादी शिल्पांनी दाखवली आहेत. सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून पूरसंरक्षण नव्याने उभे राहिले आणि २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा वादळात ते टिकलेही. पण आयडाचा जोर इतक्या झपाट्याने वाढला की सक्तीने शहर रिकामे करायला वेळच उरला नाही. वीज गेली आणि बहुमजली इमारतींत अडकलेले काही वृद्ध उकाड्याने मेले. पाणी अडवले, तरी खाली उतरू न शकणारा माणूस पुन्हा वरच राहिला.

कॅटरिनानंतर अमेरिकेने कायदा केला की फीमाचा प्रमुख आपत्ती व्यवस्थापनातला अनुभवी असावा. २०२५ मध्ये मात्र असा अनुभव नसलेल्या व्यक्तीकडे हंगामी सूत्रे गेली आणि एक लाख डॉलरहून मोठ्या खर्चाला थेट मंत्र्याची मंजुरी लागू लागली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तर संस्थाच मोडीत काढण्याची भाषा केली. वीस वर्षांपूर्वीच्या चुका पुन्हा होऊ घातल्या आहेत, असे पत्र फीमाच्या १८० हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी काँग्रेसला लिहिले. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या काही सह्या करणाऱ्यांना सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले. सावध करणाऱ्याला घरी बसवणे ही तयारी कशाची म्हणायची?

भारताने तेव्हा हवाई दलाच्या आयएल-७६ विमानातून अमेरिकेला मदतसामग्री पाठवली होती, याचा आपल्याला अभिमान वाटला. त्याआधी जेमतेम महिनाभर, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती. तिथेही पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून तयार होता. त्या बाबतीत न्यू ऑर्लिन्सला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिकायचे तर ते घरातच, ओडिशाकडून. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली; २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. गरीब राज्याने हे साधले, कारण तिथे घर सोडायला सांगणारा माणूस दारापर्यंत येतो आणि निवाऱ्यापर्यंत नेतोही.

म्हणून मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या महापालिका आणि नगरपरिषदांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी एक यादी करावी. वॉर्डात चालू न शकणारे कोण, डायलिसिसवर कोण, जिना उतरू न शकणारे कोण, आणि त्यातल्या प्रत्येकाला न्यायला कोणती गाडी, कोणता चालक, कोणत्या नाक्यावर येणार. माणसांची नावे गुप्त ठेवा. नाके, गाड्या आणि जबाबदार अधिकाऱ्यांची नावे वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावा. ती लागली नसतील तर नागरिकांनी जूनची वाट न पाहता विचारायला जावे.